त्याचं ‘नेहमीचं’ काय, ते आधी विचार

प्रश्न : ताई, मी आठ महिन्यांपूर्वी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून लागले. गेल्या आठवड्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेला सहा वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने दाखल झाला. वर्षभरातली त्याची ही तिसरी खेप. तो बोलत नाही, बसत नाही, मान धरत नाही. जरा बरा झाल्यावर मी त्याला भरवायला घेतलं. दोन घासांत ठसका लागला आणि त्याच्या आईने माझ्या हातातून चमचा ओढून घेतला. ‘तुम्हाला नाही जमायचं, सोडा,’ असं सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस, अशा मुलांच्या आया चिडक्याच असतात. तेव्हापासून मला त्या बेडजवळ जायला नको वाटतं. तो रडतो तेव्हा दुखतंय, भूक लागलीय की सवयीनं रडतोय, काही कळत नाही. परवा नाइट ड्यूटीला त्याच आईने मला विचारलं, ‘सिस्टर, हा चालेल का हो कधी?’ मी ‘होईल हो सगळं ठीक’ म्हणून निघून आले. मी चुकले का? आणि अशा मुलांची शुश्रूषा नीट करायची तर नेमकं शिकायचं काय?
– एक परिचारिका

उत्तर :

तू ताई म्हणतेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस. चमचा ओढून घेतल्यावर त्या आईने त्याला कसं भरवलं? तू पाहिलंस का, की अपमान झाला म्हणून तोंड फिरवून दुसऱ्या बेडकडे गेलीस? तुझ्या वयाची असताना मीही गेलेच असते. पण मला राहून राहून वाटतं की तू जे शिकायचं म्हणतेस, ते त्या दहा मिनिटांत तुझ्या पाठीमागे चाललं होतं.

ती त्याला कशी धरत असेल, याचा अंदाज मी करू शकते. अशा मुलाची मान मागे गेली की अख्खं अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. तोंड उघडं राहतं, श्वासनलिकेचा रस्ता सरळ होतो आणि घास तिकडे उतरायला वाव मिळतो. आपण बेड थोडा वर करतो, उशी मानेखाली सारतो आणि उभ्यानेच, वरून चमचा पुढे करतो. तो चमच्याकडे बघायला मान वर करतो आणि ठसका तिथेच लागतो. तुझं असंच झालं असावं. यात तुझा आळस नाही. कोणी दाखवलंच नसेल तर हे ओळखू येत नाही.

आता नीट कसं, ते सांगते. आधी कंबर आणि गुडघे वाकलेले हवेत, पाठीला पूर्ण टेका आणि पावलांखाली काहीतरी घट्ट आधार हवा. पाय लोंबकळत असले की धड स्थिर राहत नाही आणि धड स्थिर नसलं की मान राहत नाही. मान मध्यावर, हनुवटी किंचित खाली. तू खाली बसायचंस, तुझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडे खाली. चमचा समोरून, खालच्या बाजूने न्यायचा, जिभेवर हलका दाब द्यायचा आणि थांबायचं. ओठ मिटायची वाट बघायची. वरच्या दातांवर घास खरवडून काढून टाकू नकोस. त्याने चमचा दातांत धरला तर तो हट्ट नसतो, जबडा आपसूक आवळला जातो. ओढायचा नाही. मान जराशी पुढे घ्यायची, जबडा ढिला पडतो, मग चमचा अलगद येतो. म्हणून धातूचा नको, मऊ कडांचा घ्यावा. एक घास गिळला तरी पुढचा लगेच नको. बऱ्याच मुलांना एका घासाला दोन-तीनदा गिळावं लागतं. गळ्याकडे बघत राहिलीस की कळतं. संपल्यावर अर्धा तास तरी त्याला आडवं करायचं नाही.

आणि आपण घाईत एक विसरतो. श्वास जोरात चालला असेल तर तोंडाने भरवायचंच नाही. गिळायला क्षणभर श्वास थांबवावा लागतो, आणि धापा टाकणाऱ्या मुलाला तो क्षण परवडत नाही. तेवढ्या दिवसांपुरती नाकातून पोटात ट्यूब घालावी लागली तर दर वेळी ती जागेवर आहे ना, हे पोटातलं पाणी ओढून पीएच कागदावर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर बघायचं. ५.५ किंवा त्याहून कमी आला तरच पुढे जायचं. हवा ढकलून स्टेथोस्कोपने ‘बुडबुड’ ऐकण्यावर भरवसा ठेवू नकोस. फुप्फुसात गेलेल्या ट्यूबमधूनही तसा आवाज येऊ शकतो.

वर्षभरात तिसरा न्यूमोनिया, हे वाचून मी थबकले. ठसका लागणारं मूल निदान आपल्याला इशारा तरी देतं. काही मुलांत घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते आणि खोकलाही येत नाही. याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. भरवल्यावर आवाज ओला, घरघरणारा होणं, डोळ्यांत पाणी येणं, दर जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, वजन न वाढणं, कारण न सापडता वारंवार ताप, यातलं काहीही दिसलं तर केस पेपरवर लिही आणि राउंडला तोंडाने सांग. त्याच्या गिळण्याची तपासणी व्हायला हवी. स्पीच थेरपिस्टने बघायला हवं, लागलं तर एक्स-रेखाली घास कुठे जातो ते पाहण्याची चाचणीही करतात. हा निर्णय डॉक्टरांचा. पण तो प्रश्न टेबलावर ठेवणं तुझ्या हातात आहे, कारण दिवसातून चार वेळा भरवताना बघणारी तूच. आणि त्याचे दात, हिरड्या दिवसातून दोनदा साफ कर. तोंडात जंतू कमी, तर चुकून खाली गेलेल्या लाळेतही कमी.

तू विचारलंस, नेमकं शिकायचं काय. जन्मजात आणि विकासाच्या विकारांची नावं शेकड्यांनी आहेत, ती सगळी कोणालाच पाठ होत नाहीत. माझ्या लेखी शिकण्यासारखा पहिला प्रश्न एकच : ‘याचं नेहमीचं कसं असतं?’

आपल्याला शिकवलेलं असतं ते पुस्तकातल्या मुलाचं नेहमीचं. श्वास इतका, ऑक्सिजन इतका, या वयात हे बोलतो, ते करतो. समोरचं मूल त्या मापात बसत नाही तेव्हा दोन प्रकारच्या चुका होतात. एक, त्याचं जे नेहमीचं आहे त्यालाच आपण आजार समजून धावपळ करतो. दुसरी चूक जास्त वाईट. जे नवीन आहे, धोक्याचं आहे, त्याला आपण ‘अशी मुलं असतातच’ म्हणून सोडून देतो.

पहिलीचं उदाहरण देते. काही बाळांच्या हृदयाचा एकच कप्पा रक्त ढकलायचं काम करतो. अशा बाळांचं ऑक्सिजनचं प्रमाण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ७५ ते ८५ टक्क्यांच्या घरात असणं हेच अपेक्षित असतं. नवीन सिस्टर मॉनिटरवर ८० बघते, घाबरते आणि ऑक्सिजन वाढवत नेते. त्याने रक्त फुप्फुसांकडे जास्त वळतं आणि बाकीच्या शरीराला कमी पडतं. म्हणजे आकडा सुधारला आणि बाळ बिघडलं. आधी विचारायचं, या बाळाचं नेहमीचं किती, आणि डॉक्टरांनी हद्द किती ठरवून दिली आहे.

दुसरीची उदाहरणं मात्र ढिगाने. डाऊन सिंड्रोमचं मूल सुस्त आहे, जाड होतंय, शौचाला घट्ट होतं. सगळे म्हणतात, ही मुलं अशीच. पण थायरॉइड कमी पडल्याचीही हीच लक्षणं आहेत, आणि या मुलांत थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. स्वमग्न मूल डोकं आपटतंय, आपण लिहितो ‘वर्तनाची समस्या’. कानात पू झालाय का, दाढ किडली आहे का, हे बघायला कोणी वाकत नाही. जुन्या निदानाची सावली नव्या दुखण्यावर पडते, आणि दुखणं त्या अंधारात बसून राहतं.

माझ्या हातून हे झालेलं आहे. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, म्हणजे स्पायना बायफिडा असलेली चार वर्षांची मुलगी लघवीच्या संसर्गासाठी दाखल होती. डोक्यात साचणारं पाणी पोटाकडे वळवायला तिला शंट बसवलेला होता. सकाळी तिची आई म्हणाली, ‘सिस्टर, आज ही खिडकीतल्या पाखरांकडे बघत नाहीये.’ मी तापमान घेतलं, ठीक होतं. ‘चिडचिड करते’ असं लिहिलं आणि पुढे गेले. दुपारी आई परत म्हणाली, ‘ही अशी नसते हो.’ मी म्हटलं, औषधाने झोप येते. संध्याकाळी तिला सरळ उलट्या सुरू झाल्या, हाक मारली तरी डोळे उघडेना. शंट बंद पडला होता. रात्री शस्त्रक्रिया झाली, ती वाचली, नीट घरीही गेली. पण ‘पाखरांकडे बघत नाही’ हे लक्षण मी ऐकून सोडून दिलं, ते मला आजही आठवतं. सुस्ती, डोकेदुखी, उलटी, चिडचिड, लहान बाळात टाळू फुगणं, ही शंट बिघडल्याची लक्षणं मला परीक्षेत पाठ होती. त्या आईने तेच मला तिच्या भाषेत आठ-नऊ तास आधी सांगितलं होतं.

तेव्हापासून आई ‘हा असा नसतो’ म्हणाली की मी हातातलं काम ठेवते आणि परत एकदा डोक्यापासून पायापर्यंत मूल तपासते. तूही तसंच करत जा.

आता रडण्याचं. ‘सवयीनं रडतोय का’ असं तू लिहिलंस. हा शब्द तेवढा मनातून काढून टाक. न बोलणाऱ्या मुलाचं रडणं हा त्याचा बोलण्याचा एकुलता मार्ग असू शकतो. वेदना मोजायला फ्लॅक नावाची मोजपट्टी तू शिकली असशील : चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होतं का, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. पण स्नायू कडक असलेल्या मुलाचे पाय एरवीही ताणलेलेच असतात. म्हणून २००६ साली तिची सुधारित आवृत्ती आली. त्यात या मुलाच्या दुखण्याच्या खास खुणा आईवडिलांकडून विचारून पट्टीतच लिहून घेतात. एखादं मूल दुखलं की रडतच नाही, उलट एकदम गप्प होतं. एखादं श्वास धरून ठेवतं. एखादं हसल्यासारखं तोंड करतं. हे पुस्तकात सापडणार नाही.

आणि दुखण्याची जागा शोधताना नेहमीचे चोर आधी धुंडाळ. पोट कडक आहे का, शौचाला किती दिवस झाले? खाल्ल्यावर आंबट वर येतं का? कान, दात? पायाला लावलेल्या स्प्लिंटखाली कातडी लाल झाली आहे का? माकडहाड, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू बघितलीस का? लंगोट बदलताना किंचाळला तर मांडीचा सांधा. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो, चालू न शकणाऱ्या मुलांत तर प्रमाण आणखी जास्त. म्हणून लंगोट बदलताना घोटे धरून पाय फाकवायचे नाहीत. आधी गुडघे हळूच पोटाकडे वाकवायचे, क्षणभर तसेच धरायचे, ताण सैल झाला की मांड्यांना आतून आधार देत बाजूला करायच्या. उचलतानाही तसंच, आधी गोळा करायचं आणि मग उचलायचं. तुझी पाठही वाचेल. सहा वर्षांचं मूल हलकं नसतं, एकटीने ओढाताण करू नकोस.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, अशा मुलांच्या आया चिडक्या असतात. त्यांना नाव ठेवायचं म्हणून नाही, पण मला हे वाक्य मान्य नाही. हिशेब कर. दिवसाला चार वेळा भरवणं, प्रत्येक वेळी पाऊण तास, सहा वर्षं. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं. फिट आली की घड्याळ बघणं. त्यात दर वेळी वॉर्डात नवा चेहरा येतो, काही न विचारता मुलाला हात लावतो, आणि तिला पहिल्यापासून सांगावं लागतं. तुझ्या दोन घासांनी तिच्या डोळ्यांसमोर चौथा न्यूमोनिया उभा राहिला असणार. शब्द कडू होते. भीती खरी होती.

पण आई म्हणेल ते सगळं बरोबर, असंही मी म्हणत नाही. ही गफलतही पुष्कळदा होते. आडवं निजवून भरवलं की लवकर उरकतं, म्हणून वर्षानुवर्षं तसंच भरवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. फिट आली की दातांत चमचा घालणारे बाप पाहिले आहेत. तिथे गप्प बसायचं नाही. फिट आली की कुशीवर करायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, वेळ मोजायची, पाच मिनिटांवर गेली तर तातडीची मदत आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, हे ठामपणे सांगायचं. मात्र सांगण्याआधी तिची पद्धत पूर्ण बघायची. ‘तुम्ही चूक करता’ म्हटलं की दार बंद. ‘तुम्ही असं धरता तेव्हा तो छान गिळतो, फक्त मान जरा पुढे घेऊन बघू या का?’ म्हटलं की ती स्वतःच उशी सरकवते. या मुलाविषयी तिला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि मुलांच्या शरीराविषयी तुला तिच्याहून जास्त. दोघींचं एकत्र आलं तर मुलाचं भलं होतं.

एक काम लगेच कर. एक कोरा कागद घे आणि तिच्याजवळ बसून भर. नंबर नको, वर मोठ्या अक्षरात त्याचं नाव. ‘चार नंबरचा सीपी’ (सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी) हा शब्दप्रयोग पाळी बदलतानाच्या तुमच्या हँडओव्हरमध्ये असेल तर तुझ्यापुरता आजच बंद कर. मग लिही : हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो. दुखलं की काय करतो. कशाने शांत होतो. कसं धरून, कोणत्या चमच्याने, किती वेळात भरवायचं. कोणत्या कुशीवर झोपतो. फिट कशी येते, किती वेळ टिकते, नंतर किती वेळ झोपतो. कशाला घाबरतो. स्पायना बायफिडाचं मूल असेल तर रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, हे पहिल्या ओळीत. कागद बेडच्या डोक्याशी लाव आणि दर पाळीच्या हँडओव्हरला वाच. पुढच्या सिस्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि त्या आईला तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही. ती चिडते ती नव्वद टक्के यामुळेच, असं माझं मत आहे.

राहिला रात्रीचा प्रश्न. ‘होईल सगळं ठीक’ असं तू म्हणालीस ते प्रेमाने म्हणालीस, पण ते खरं नव्हतं आणि तिला ते कळलं असणार. सेरेब्रल पाल्सीमध्ये मुलं हालचालींच्या कोणत्या टप्प्यावर आहेत हे सांगायला १९९७ पासून पाच पातळ्यांची एक पद्धत वापरतात. मूल पाच वर्षांचं होईतो त्याची पातळी बहुतेक स्पष्ट झालेली असते. सहाव्या वर्षी मान न धरणारं मूल स्वतःच्या पायांवर चालण्याची शक्यता फारच कमी असते. हे वाक्य रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये तू तिला सांगायचं नाहीस. पण खोटंही सांगायचं नाहीस, आणि ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून निघूनही जायचं नाहीस.

बस तिच्याजवळ. विचार, ‘डॉक्टर काय म्हणाले आहेत आजवर? तुम्हाला काय वाटतं?’ बहुतेकदा आईला उत्तर माहीत असतं, ते एकटीने धरून ठेवणं जड होतं म्हणून ती विचारते. ती रडली तर रडू दे. गप्प बसायला अवघड जाईल, तरी बस. ती म्हणेल, ‘मग करायचं तरी काय?’ तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे : त्याला नीट बसवणारी खुर्ची, आधाराने उभं करणारी चौकट, न दुखणारे सांधे, ठसक्याशिवाय जेवण, हो-नाही सांगायची एखादी खूण, डोळ्यांनी चित्राकडे बघून सांगणं. यातल्या प्रत्येक गोष्टीने त्याचा दिवस बदलतो, आणि यातल्या कशालाच त्याने चालण्याची अट नाही.

आणि तिला विचारून तिचा प्रश्न केस पेपरवर लिहून ठेव, तिच्याच शब्दांत : ‘आई विचारते, हा चालेल का?’ सकाळच्या राउंडला डॉक्टर घाईत पुढच्या बेडकडे निघाले, तर तू त्या ओळीवर बोट ठेव.